तरतूद घटली, म्हणजे ग्राहक सुधारले?

पत्र : मी नोकरी सांभाळून हौसेनं कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचते. एका कंपनीचे शेअर चार वर्षांपासून माझ्याकडे आहेत. ती इतर कारखान्यांना सुटे भाग पुरवते आणि जवळजवळ सगळा माल उधारीवर जातो. गेल्या तीन वर्षांचे आकडे (कोटींत) असे आहेत. विक्री 800, 880, 960. करपूर्व नफा 42, 45, 48. ढोबळ येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे असलेले एकूण पैसे, 160, 200, 260. बुडीत कर्जाची तरतूद, म्हणजे त्यातले जे बुडतील असं वाटतं त्यांच्यासाठी नफ्यातून बाजूला ठेवलेली रक्कम, 9.6, 10 आणि 9.1. म्हणजे येण्यांच्या तुलनेत तरतूद 6 टक्क्यांवरून 5 वर आणि आता साडेतीन टक्क्यांवर आली. व्यवस्थापन म्हणतं की ग्राहकांचा दर्जा सुधारलाय आणि वसुलीची यंत्रणा बळकट झालीय. माझा दादा कर्जवाटपाच्या क्षेत्रात काम करतो. त्याचंही तेच म्हणणं, ‘तरतूद कमी म्हणजे बुडवे कमी, खूश हो.’ पण येणी एवढी वाढत असताना तरतुदीचा आकडाच खाली यावा, हे मला खटकतंय. टिपांमधले तक्ते सोबत जोडले आहेत. आणखी एक विचारायचं होतं. याच धंद्यातली दुसरी एक कंपनी 11 टक्के तरतूद ठेवते. ती जास्त प्रामाणिक समजायची की तिचे ग्राहकच वाईट? आणि मी माझे शेअर ठेवू की विकू?
— एक भागधारक

उत्तर :

तुम्हाला जे खटकलं ते खटकायलाच हवं होतं. पण दादांचं म्हणणंही मी लगेच उडवून लावणार नाही. तरतुदीचं प्रमाण घटायला दोन-चार अगदी सरळ कारणं असू शकतात, आणि ती न तपासता कंपनीवर बोट ठेवलं तर आपणच तोंडघशी पडतो.

ताळेबंदातल्या बऱ्याच आकड्यांना कागदाचा आधार असतो. बँकेतल्या शिलकीला बँकेचं पत्र असतं, यंत्राला बिल असतं, आणि येण्यांनाही बिलं असतात. बुडीत कर्जाच्या तरतुदीला असा कागद नसतो. 260 कोटींपैकी किती पैसे परत यायचे नाहीत, याबद्दल कंपनी चालवणाऱ्यांचं ते मत असतं. त्यामुळे ‘साडेतीन टक्के चांगले की वाईट’ या प्रश्नाला नुसतं उत्तर नाही. मत खरं की खोटं हे त्याच्याकडे टक लावून बघितल्यानं कळत नाही. याच लोकांनी आधी जी मतं दिली होती, त्यांचं पुढे काय झालं हे बघावं लागतं. आणि गंमत म्हणजे ते बघायला लागणारं जवळपास सगळं साहित्य तुम्ही पत्रासोबतच पाठवलंय.

हे मत किती महागात पडू शकतं ते आधी पाहू. 260 कोटींच्या येण्यांवर तरतुदीचं प्रमाण एक टक्क्यानं सरकलं, तर नफा 2.6 कोटींनी सरकतो. 48 कोटींच्या नफ्यातला हा साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा भाग. एकही जास्तीचा सुटा भाग न विकता, एकही खर्च न कापता! मी हिशेब तपासनीस म्हणून नवी होते तेव्हा एका कंपनीत वर्षअखेरच्या बैठकीला बसले होते. तरतुदीचा विषय निघाल्यावर वित्तप्रमुखांनी थकबाकीची यादी उघडलीच नाही. त्यांनी आधी विचारलं, ‘नफा किती बसतोय?’ त्या दिवसापासून तरतुदीची टीप मी नफ्याच्या पानाआधी वाचते. सगळे तसे नसतात, हेही सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी वसुली खात्यातलं कोणीतरी रात्री जागून एकेका ग्राहकाचा खरा अंदाज लावत असतं.

आता तुमची कंपनी घेऊ. सर्वात आधी उधारीचे दिवस मोजू या. येणी भागिले विक्री, गुणिले 365. पहिल्या वर्षी 73 दिवस, दुसऱ्या वर्षी 83, तिसऱ्या वर्षी 99. दोन वर्षांत विक्री 20 टक्क्यांनी वाढली आणि येणी साडेबासष्ट टक्क्यांनी. दादांना एवढंच विचारा की ग्राहकांचा दर्जा सुधारला असेल, तर तेच ग्राहक गेल्या वर्षीपेक्षा 16 दिवस उशिरा पैसे का देताहेत?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरं असू शकतात. वर्षाची बरीचशी विक्री शेवटच्या दोन महिन्यांत झाली असेल, तर ती बिलं अजून मुदतीतच असणार आणि दिवसांचा आकडा उगाच फुगलेला दिसणार. सरकारी किंवा फार मोठे ग्राहक वाढले असतील, तर ते उशिरा देतात पण सहसा बुडवत नाहीत. कंपनीनं उधारीचा विमा उतरवला असेल, बँक हमी किंवा अनामत घेतली असेल, तर तरतूद खरोखरच कमी लागते. एखादी कंपनी विकत घेतली असेल तर आणखी एक गोष्ट होते. विकत आलेली येणी त्या दिवसाच्या वाजवी मूल्यानं पुस्तकात येतात आणि जुन्या मालकाची तरतूद सोबत येत नाही, त्यामुळे नव्या मालकाचं प्रमाण आपोआप खाली येतं. तुम्ही पाठवलेल्या पानांत विमा, हमी, अधिग्रहण यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. ग्राहकांच्या प्रकारात बदल झाल्याचंही कुठे दिसत नाही. तरी पूर्ण अहवालात एकदा शोधून बघा.

एक कारण मात्र जवळजवळ प्रत्येक कंपनीला लागू पडतं आणि ते नजरेतून सुटतं. ते म्हणजे राइट-ऑफ. एखाद्या ग्राहकाचे पैसे आता येतच नाहीत असं ठरलं की ती रक्कम येण्यांतूनही वजा होते आणि तरतुदीतूनही. त्या दिवशी नफ्यावर काहीच परिणाम होत नाही, कारण तोटा तरतूद करताना आधीच धरलेला असतो. निव्वळ येणीही (येणी वजा तरतूद) तेवढीच राहतात. पण प्रमाण बदलतं! 100 ची येणी, 6 ची तरतूद, त्यातले 4 राइट-ऑफ केले की उरले 96 आणि 2. सहा टक्क्यांचे एकदम दोन टक्के, आणि ग्राहक तेच. म्हणून प्रमाण घटलेलं दिसलं की मी त्या वर्षीचे राइट-ऑफ पुन्हा बेरजेत धरून बघते. तुमच्या कंपनीनं दुसऱ्या वर्षी 6 आणि तिसऱ्या वर्षी 8 कोटी राइट-ऑफ केले. ते येण्यांत आणि तरतुदीत पुन्हा धरले तर दुसऱ्या वर्षी 206 वर 16, म्हणजे 7.8 टक्के, आणि तिसऱ्या वर्षी 268 वर 17.1, म्हणजे 6.4 टक्के. म्हणजे घसरण केवळ साफसफाईमुळे दिसतेय असं म्हणता येत नाही. साफसफाई वगळूनही तरतूद पातळ झालीय.

आता तरतुदीच्या हालचालीचा तक्ता काढा. माझ्या मते पूर्ण अहवालात इतकं बोलकं पान दुसरं नाही, आणि तुम्ही ते पाठवलंत म्हणून तुमचं कौतुक. सुरुवातीची शिल्लक, त्यात वर्षभरात नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम मिळवायची, राइट-ऑफ वजा करायचे, बुडाले म्हणून सोडून दिलेले पैसे परत आले असतील तर तेही धरायचे. उरते ती अखेरची शिल्लक. दुसऱ्या वर्षी 9.6 अधिक 6.4 वजा 6, म्हणजे 10. तिसऱ्या वर्षी 10 अधिक 7.1 वजा 8, म्हणजे 9.1. परत आलेले पैसे दोन्ही वर्षी नगण्य आहेत.

इथे मला काय दिसतं सांगते. नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम विक्रीच्या तुलनेत दुसऱ्या वर्षी 0.73 टक्के आहे आणि तिसऱ्या वर्षी 0.74 टक्के. जवळजवळ एकसारखी. नफा-तोटा पत्रक वाचणाऱ्याला वाटेल की सगळं सुरळीत चाललंय. पण प्रत्यक्षात बुडणारी रक्कम 6 वरून 8 वर गेली, म्हणजे एका वर्षात तिसऱ्या हिश्शानं वाढली. आत येणारा नळ तेवढाच आणि खालचं छिद्र मोठं झालेलं, म्हणून टाकीतली पातळी उतरली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस असलेली तरतूद त्या वर्षीच्या वेगानं 20 महिने पुरली असती. आताची तिसऱ्या वर्षीच्या वेगानं जेमतेम 14 महिने पुरेल. व्यवस्थापन ज्याला ‘दर्जा सुधारला’ म्हणतंय, त्याचा या तक्त्यात मागमूस नाही. ग्राहक सुधारले असते तर राइट-ऑफ घटायला हवे होते.

राहिला थकबाकीच्या वयाचा तक्ता, ज्याला हिशेबाच्या जगात सगळे एजिंग म्हणतात. तो मी इथे पुन्हा मांडते. प्रत्येक गटापुढे येणी आणि कंसात कंपनीनं धरलेला बुडण्याचा दर आहे.

दुसरं वर्ष : मुदतीतली 130 (0.5 टक्के), 1 ते 30 दिवस उलटलेली 34 (2 टक्के), 31 ते 90 दिवस 20 (8 टक्के), 90 दिवसांहून जुनी 16 (44 टक्के).

तिसरं वर्ष : मुदतीतली 148 (0.3 टक्के), 1 ते 30 दिवस 46 (1.2 टक्के), 31 ते 90 दिवस 34 (5 टक्के), 90 दिवसांहून जुनी 32 (20 टक्के).

हे दोन तक्ते शेजारी ठेवून शांतपणे वाचा. पहिल्यांदा येण्यांचे आकडे बघा. 90 दिवसांहून जुनी थकबाकी 16 वरून 32, बरोबर दुप्पट. एकूण येण्यांतला तिचा वाटा 8 टक्क्यांवरून 12 टक्क्यांच्या वर गेलाय. पुस्तक म्हातारं होतंय. नंतर कंसातले दर बघा. चारही गटांत दर खाली आणलेत, आणि सगळ्यात जास्त कपात नेमकी सगळ्यात जुन्या, सगळ्यात धोक्याच्या गटात झालीय, 44 वरून 20!

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस 9 हे 2018 पासून लागू झालं. त्याआधीच्या पद्धतीत तोटा झाल्याचा काहीतरी पुरावा मिळेपर्यंत थांबलं जायचं, आणि 2008 च्या आर्थिक संकटात ‘फार थोडं आणि फार उशिरा’ अशी तिच्यावर टीका झाली. आता साध्या व्यापारी येण्यांसाठी बिल फाटल्या दिवसापासून, त्याच्या पूर्ण आयुष्यात अपेक्षित असलेला तोटा धरावा लागतो. तुमच्या अहवालातला दरांचा तक्ता हा त्यासाठीचाच, मानकानं मान्य केलेला सोपा मार्ग. अमेरिकेत मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना 2020 पासून अशाच विचाराचं वेगळं मानक लागू झालं. या दरांत मागचा अनुभव आणि पुढचा अंदाज दोन्ही मिसळायचे असतात. म्हणजे दर बदलायला बंदी नाही. पण तो बदलण्याला काहीतरी आधार हवा. शिवाय याच मानकात एक गृहीतक आहे : येणं 90 दिवसांहून जास्त थकलं की ग्राहकानं कसूर केलीय असं धरायचं, त्याहून उशिराचा निकष योग्य आहे असं दाखवणारी सबळ माहिती हाती नसेल तर. तेव्हा त्या गटाला 20 टक्के दर लावणं म्हणजे कसूर केलेल्यांकडूनही दर 100 मागे 80 परत येतील असं म्हणणं.

येतील का? इथे मागच्या मताचं काय झालं ते बघायची वेळ आली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला 90 दिवसांहून जुनी थकबाकी 16 होती. कंपनीचं धोरण टिपेत लिहिलंय की मुदतीनंतर एक वर्ष उलटलं की रक्कम राइट-ऑफ करायची. म्हणजे तिसऱ्या वर्षी जे 8 कोटी गेले, ते बहुतांश याच गटातून गेले असणार. थोडे 31 ते 90 दिवसांच्या गटातूनही आले असतील, म्हणून मी 8 भागिले 16 बरोबर पक्के 50 टक्के असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण 44 टक्क्यांचा जुना अंदाज अनुभवाच्या अगदी जवळ होता, एवढं तर दिसतंच. ज्या वर्षी तो खरा ठरला, त्याच वर्षी कंपनीनं तो अर्ध्याहून खाली आणला. मला तुमच्या सगळ्या कागदांत सर्वात जास्त हे टोचलं. अंदाज चुकला म्हणून बदलला तर समजू शकतं. हा बरोबर आला आणि बदलला.

लेखापरीक्षकांनाही हेच करायला सांगितलेलं असतं. अंदाजांच्या परीक्षणाबाबतचं त्यांचं मानक सांगतं की मागच्या वर्षीच्या अंदाजांचा प्रत्यक्षात काय निकाल लागला ते तपासा. त्यामुळे लेखापरीक्षकांच्या अहवालातला महत्त्वाच्या बाबींचा भाग उघडून त्यात येण्यांचा विषय आहे का बघा. नसला तर काही सिद्ध होत नाही, असला तर मात्र शब्द न् शब्द वाचा.

आता नफ्याकडे येऊ, कारण शेअर ठेवायचा की विकायचा हा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो. दोन प्रकारे हिशेब करता येतो. ढोबळ प्रकार असा : तरतूद सहा टक्क्यांवरच ठेवली असती तर? दुसऱ्या वर्षी 12 लागली असती, कमी पडले 2. तिसऱ्या वर्षी 15.6 लागली असती, कमी पडले 6.5. इथे अनेक जण घाईघाईनं सगळे 6.5 तिसऱ्या वर्षाच्या नफ्यातून वजा करतात. तसं करू नका. त्यातले 2 आधीच्या वर्षाचे आहेत, या वर्षाच्या वाट्याला साडेचारच येतात. मग करपूर्व नफा 42, 43, 43.5 असा दिसतो. कंपनीनं छापलेला 42, 45, 48 हा पायऱ्या-पायऱ्यांचा चढ सपाट होतो.

दुसरा प्रकार मला जास्त पटतो, कारण त्यात थकबाकीचं वय धरलेलं असतं. गेल्या वर्षीचे दर या वर्षीच्या गटांना लावा. 0.74 अधिक 0.92 अधिक 2.72 अधिक 14.08, बेरीज साडेअठराच्या जवळ. कंपनीनं ठेवले 9.1. तूट 9.4 कोटी, आणि गेल्या वर्षीची तरतूद याच दरांनी केलेली असल्यानं ही सगळी तूट याच वर्षाची. नफा 48 वरून 38.6 वर येतो, म्हणजे गेल्या वर्षीच्या 45 पेक्षा कमी. ढोबळ प्रमाणानं जे ‘वाढ थांबली’ असं सांगितलं, तेच वयाच्या तक्त्यानं ‘घट झाली’ असं सांगितलं. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल, असा माझा अंदाज आहे. (हो, हे माझंही मतच. कंपनीसारखंच.)

अजून एक सोपी बेरीज करून ठेवा, तरतुदीच्या मतामतांत न पडता. वर्षाच्या सुरुवातीची येणी अधिक विक्री, वजा राइट-ऑफ, वजा वर्षाअखेरची येणी, म्हणजे ग्राहकांकडून आलेली रोकड. करांचा भाग सोडून दिला तर दुसऱ्या वर्षी 834 आणि तिसऱ्या वर्षी 892. विक्री 80 नं वाढली, रोकड 58 नं. वसुलीची यंत्रणा बळकट झाल्याचं हे लक्षण नव्हे.

तुमच्या पत्रात नाही, पण पुढे कुठलीही कंपनी बघाल तेव्हा काही कोपरे झाडून घ्या. वर्षअखेरीच्या तोंडावर येणी वित्तसंस्थेला विकली असतील तर ताळेबंद अचानक सडपातळ दिसतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सनबीम या घरगुती उपकरणांच्या कंपनीच्या गाजलेल्या प्रकरणात 1997 च्या वर्षअखेरीला येणी विकण्याचा मुद्दा होताच. विकलेली येणी बुडली तर परत आपल्याच गळ्यात येणार असतील, तर ती खरी विक्री नसते. थकलेलं बिल दीर्घ मुदतीच्या कर्जात बदलून दुसऱ्या ओळीत नेता येतं. बिल न फाडता फक्त ‘काम झालंय’ म्हणून धरलेलं उत्पन्न येण्यांत दिसतच नाही. आणि काही कंपन्या वसूल न होणाऱ्या बिलावर सरळ क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढतात, मग तो तोटा बुडीत कर्जात न दिसता विक्रीतून वजा होतो. एखाद्याच ग्राहकाकडे विक्रीचा 10 टक्के किंवा त्याहून मोठा वाटा असेल तर नोंदणीकृत कंपन्यांना आयएफआरएसप्रमाणे ते सांगावं लागतं. तिथे सरासरी दर निरुपयोगी ठरतो, कारण तो एक ग्राहक एकतर सगळे पैसे देतो किंवा काहीच देत नाही.

आता त्या 11 टक्केवाल्या कंपनीबद्दल. जास्त तरतूद म्हणजे जास्त प्रामाणिकपणा, असं अजिबात नाही. चांगल्या वर्षी गरजेपेक्षा जास्त तरतूद करून ठेवायची आणि वाईट वर्षी हळूच तिच्यातून काढून नफ्यात मिसळायची, ही फार जुनी खोड आहे. अमेरिकेच्या रोखे आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी 1998 मधल्या भाषणात अशा राखीव साठ्यांना बिस्किटांच्या बरणीची उपमा दिली होती. आणि 1988 मध्ये मॉरीन मॅकनिकोल्स आणि पीटर विल्सन या अभ्यासकांनी नेमकी बुडीत कर्जाची तरतूदच तपासायला घेतली. त्यांना दिसलं ते असं की नफा फारच जास्त किंवा फारच कमी असतो, तेव्हा कंपन्या तरतूद वाढवून नफा आणखी खाली नेतात. फार चांगल्या वर्षी पुढच्यासाठी साठवायला, आणि फार वाईट वर्षी ‘नाहीतरी नाचक्की झालीच आहे, सगळं आताच उरकून टाका’ म्हणून.

त्या कंपनीचे तक्ते तुम्ही पाठवलेले नाहीत, त्यामुळे मी एवढंच सांगू शकते : तिचे दरवर्षीचे राइट-ऑफ बघा. येण्यांच्या 9-10 टक्के रक्कम खरोखरच बुडत असेल तर ग्राहक वाईट आहेत आणि तरतूद योग्य आहे. टक्काभरच बुडत असेल तर ती बरणी आहे, आणि हालचालीच्या तक्त्यात ‘तरतूद परत घेतली’ ही ओळ कुठल्या वर्षी आली ते शोधा. नफा घसरणार होता अशाच वर्षी ती आली असेल तर उत्तर तुम्हाला मिळालं. शिवाय दोन कंपन्यांचे टक्के थेट तोलण्याआधी राइट-ऑफचं धोरण तपासा. एक कंपनी वर्षभरात हात झटकते, दुसरी तीन वर्षं खटले चालवत रक्कम पुस्तकात ठेवते आणि तिच्यावर शंभर टक्के तरतूद धरते. दुसरीचं प्रमाण मोठं दिसणारच, तोटा तेवढाच असला तरी.

ठेवू की विकू? तुमची बाकीची गुंतवणूक, शेअरचा भाव, कंपनीवरचं कर्ज, यातलं काही मला माहीत नाही, म्हणून ‘विका’ असं मी लिहिणार नाही. मी तुमच्या जागी असते तर या कंपनीत नवे पैसे घातले नसते, आणि भाव ठरवताना 48 च्या जागी 40 च्या आसपासचा नफा धरून पाहिला असता. तेवढ्या नफ्यावरही शेअर स्वस्त वाटला तर थांबायला हरकत नाही. 48 धरूनच जेमतेम परवडत असेल तर मी थोडे कमी केले असते.

भागधारक म्हणून तुम्हाला प्रश्न विचारायचा हक्क आहे, तो वापरा. कंपनीला पत्र लिहा, पण ‘तरतूद कमी का’ असं विचारू नका. त्याला ‘दर्जा सुधारला’ हेच उत्तर पुन्हा मिळेल. असं विचारा : 90 दिवसांहून जुन्या गटाचा दर 44 वरून 20 कशाच्या आधारावर केला? गेल्या वर्षअखेरीस त्या गटात असलेल्या 16 कोटींपैकी प्रत्यक्ष किती वसूल झाले, किती राइट-ऑफ झाले आणि किती अजून तिथेच आहेत? आणि आताच्या 32 कोटींपैकी वर्ष संपल्यापासून आजपर्यंत किती आले? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे, कारण अहवाल हातात पडेपर्यंत काही महिने उलटलेले असतात आणि उत्तर कंपनीकडे तयार असतं. ते द्यायचं टाळलं तर तेही लिहून ठेवा.

पुढच्या वर्षीचा अहवाल आला की थेट तरतुदीच्या हालचालीच्या तक्त्यावर जा. आज 9.1 आहेत. राइट-ऑफ 12-13 वर गेलेले दिसले, तर नफ्यातून ओतलेल्या रकमेची ओळ एकदम फुगलेली असेल आणि या वर्षी न दाखवलेला तोटा तिथे आलेला असेल. उलट राइट-ऑफ 5-6 वर आले आणि 90 दिवसांहून जुना ढीग 32 वरून खाली उतरला, तर दादा बरोबर होते आणि मी चुकले. तसं झालं तर मला जरूर कळवा, याच सदरात छापू.